एक डाव मॉर्फीच्या नावावर

वाईट बुद्धिबळ खेळायलासुद्धा नशीब लागतं. चांगलं खेळणाऱ्याला जोडीदार कुठेही मिळतो. वाईट खेळणाऱ्याला मात्र नेमका आपल्याइतकाच वाईट खेळणारा, त्यातून आपल्याच जिन्यात राहणारा आणि चहाच्या वेळेला मोकळा असलेला माणूस मिळावा लागतो. लग्नाच्या पत्रिका जुळवणं याच्यापुढे काहीच नाही. मला असा माणूस मिळाला. आमच्या वरच्या मजल्यावरचे आप्पा.

आप्पा पोस्टात होते आणि मी एका कचेरीत. म्हणजे दोघांनाही समोरचा माणूस तिष्ठत असताना शांत बसण्याची सवय होती, आणि बुद्धिबळाला एवढीच पात्रता लागते अशी आमची प्रामाणिक समजूत होती. गेली बावीस वर्षं आम्ही रोज संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात खेळत आलो. पट माझा, सोंगट्या आप्पांच्या. त्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. पांढरा एक हत्ती २०११ साली कपाटाखाली गेला तो पुन्हा दिसला नाही. तेव्हापासून त्याच्या जागी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण उभं असतं आणि ते मूळ हत्तीपेक्षा अधिक इमानाने वागतं. पैज वगैरे काही नाही. हरेल त्याने सोंगट्या डब्यात भरायच्या, इतकंच. निकाल स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा : आप्पा जिंकले तर ‘आ’, मी जिंकलो तर ‘मी’. त्याच चौकोनात दुधाच्या पिशव्या, गॅसचा सिलिंडर आणि कामवालीचे खाडेही असतात. त्यामुळे एकदा आमच्या हिने आप्पांचे पाच विजय कामवालीच्या पगारातून कापले होते.

वर्षाअखेरी मी मोजदाद करीत असे. दरवर्षी फरक चार-सहा डावांचा. कधी इकडे, कधी तिकडे. आमच्या दोस्तीचा पाया हाच होता. आम्ही बरोबरीचे वाईट होतो.

माई, म्हणजे आप्पांची पत्नी, चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर महिनाभराने आप्पा पुन्हा खेळायला येऊ लागले ते सव्वापाचला. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, आम्हीही नाही. आमच्या घरातला चहा फक्त पंधरा मिनिटं अलीकडे आला.

एवढं सगळं सुरळीत चाललं असताना २०२५च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामना कोनेरू हम्पीशी, म्हणजे दोन्हीकडे भारतच. आमच्या बिल्डिंगमध्ये बुद्धिबळाचा ताप पसरला. ज्यांना घोडा अडीच घरं चालतो म्हणजे नक्की कुठून मोजायचं हे ठाऊक नव्हतं, ते जिन्यात उभं राहून ‘शेवटच्या डावात वेळ कमी होता हो’ असं बोलू लागले. मला एकदम वाटलं, एकोणीस वर्षांच्या मुलीने एवढं केलं, आपण एक्काहत्तराव्या वर्षी निदान शिकायला काय हरकत आहे? बावीस वर्षं आपण खेळलो, पण शिकलो कधीच नाही. हे म्हणजे बावीस वर्षं आंघोळ केली म्हणून पोहता येतं असं समजण्यासारखं झालं.

हा विचार मी हिला बोलून दाखवला. ती म्हणाली, “शिका की. फक्त जेवणाच्या वेळेला टेबल मोकळं करा.”

शिकायचं कसं, याबद्दल जाणत्यांचं एकमत दिसलं : थोर खेळाडूंचे डाव घ्यावेत, एकेक खेळी पटावर मांडावी आणि ती त्यांनी का केली याचा विचार करावा. थोरांच्या वाटेने जावं हे आपल्याला लहानपणापासून सांगतातच. वाट कुठली ते मात्र कुणी सांगत नाही. इथे ती छापील मिळत होती! फोर्टमधल्या एका फुटपाथवरून मी निवडक अजरामर डावांचं एक जुनं इंग्रजी पुस्तक ऐंशी रुपयांना घेतलं. घरी आल्यावर कळलं की ते जुन्या लिपीतलं आहे. हल्ली पटावरच्या प्रत्येक घराला एकच नाव असतं. जुन्या इंग्रजी पद्धतीत पांढऱ्याने आपल्या बाजूने मोजायचं, काळ्याने आपल्या. त्यामुळे एकाच घराला दोन नावं, एक माहेरचं आणि एक सासरचं. पहिले आठ दिवस मी काळ्याचे सगळे घोडे पांढऱ्याच्या घरी नेऊन बांधत होतो आणि थोर खेळाडू इतके विचित्र का खेळतात याचं आश्चर्य करीत होतो.

पण एकदा लिपी हाताशी आली आणि मग, काय सांगू, वेडच लागलं. पॉल मॉर्फी भेटला. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा पोरगा. १८५८ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी पॅरिसला गेला होता. तिथे ब्रन्सविकच्या ड्यूकने त्याला ऑपेरा बघायला आपल्या बॉक्समध्ये नेलं आणि खेळ चालू असतानाच पट मांडला. एका बाजूला मॉर्फी एकटा. दुसऱ्या बाजूला ड्यूक आणि काउंट इझुआर असे दोघं, आपसात सल्लामसलत करून. सतरा खेळ्यांत डाव खलास. सोळाव्या खेळीला मॉर्फीने वजीर देऊन टाकला आणि सतराव्या खेळीला हत्तीने मात केली. शेवटी पटावर त्याच्याकडे प्यादी सोडली तर एक हत्ती आणि एक उंट उरले होते, आणि समोर ड्यूकचा वजीर अजून जिवंत होता, हत्तीही होता, सगळा सरंजाम होता. पण अर्धा सरंजाम घरातून बाहेरच पडला नव्हता! एखाद्या घरात पाहुणे दारात आले तरी यजमान मोरीतच असावेत तसं.

त्या डावात आठव्या खेळीला मॉर्फीला एक प्यादं फुकट मिळत होतं. वजिराने एक पाऊल टाकायचं आणि उचलायचं. त्याने ते उचललं नाही. घोडा बाहेर काढला. प्यादं घेतलं असतं तर काळ्याला वजिरावजिरी करता आली असती आणि डाव लांबला असता. टूथपेस्टबरोबर प्लास्टिकचा मग फुकट मिळतो म्हणून नको असलेली टूथपेस्ट घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे पान उलटवेना. मी ती खेळी आठ दिवस बघत होतो. समोर फुकट पडलेलं न घेण्यात एवढी ताकद असते हे मला एक्काहत्तराव्या वर्षी, तेही एकविसाच्या पोराने सांगावं!

(याच मॉर्फीने पुढे लवकरच गंभीर खेळ सोडला. वकिली करायची म्हणाला, ती चालली नाही, आणि १८८४ साली सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. तेव्हा थोरांचे डाव घ्यावेत. आयुष्य घेताना जरा भाव करावा.)

आता मूळ गुन्ह्याकडे वळतो.

आप्पांची काळी सोंगट्यांची एक ठरलेली सुरुवात आहे. राजासमोरचं प्यादं, मग वजिरासमोरचं प्यादं एकच घर, आणि मग उंट काढून माझ्या घोड्याला खिळवायचं. बावीस वर्षं हेच. मॉर्फीचा डाव मी पहिल्यांदा मांडला तेव्हा तिसऱ्या खेळीला माझ्या अंगावर काटा आला. ब्रन्सविकचा ड्यूक थेट आप्पांसारखा खेळत होता!

ऑगस्टमधला एक मंगळवार. पांढरी माझ्याकडे. आप्पांनी उंट काढला. मी मॉर्फीची चौथी खेळी केली. पाचवी केली. सहावी, सातवी. आठव्या खेळीला समोरचं प्यादं न घेता घोडा काढला तेव्हा आप्पा म्हणाले, “अरे, ते दिसलं नाही का तुला?” मी नुसता हसलो. मॉर्फी हसला असेल तसा. नवव्या खेळीला आप्पांनी प्यादं पुढे ढकलून माझ्या उंटाला हाकललं. ड्यूक, काउंट आणि आप्पा, तिघांचं एकमत! आणि इथे मॉर्फीने घोडा देऊन टाकला होता. मला ते पाठ होतं. हात पुढेही गेला होता. पण मी तो मागे घेतला, कपाळाला हात लावला, भुवया जुळवल्या, खिडकीबाहेर पाहिलं, एकदा ‘हं’ म्हटलं, आणि घड्याळात चांगली चार मिनिटं गेल्यावर, जड मनाने, घोड्याने प्यादं खाल्लं.

पुढे अकराव्या खेळीला शह बसला तेव्हा ड्यूकने घोडा मध्ये घातला होता. आप्पांनी राजाच बाजूला सरकवला. माझं पुस्तक तिथे संपलं! घशाला कोरड पडली. दुसरं काही सुचेना म्हणून मी मॉर्फीचीच बारावी खेळी डोळे मिटून केली. कॅसलिंग. राजा तिकडे गेला, हत्ती इकडे आला, म्हणजे आमचं ते बाटलीचं झाकण आलं, आणि पाहतो तो समोरची फळी रिकामी, टोकाला आप्पांचा राजा. शह! कॅसलिंग करताना शह बसतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आप्पांनीही. थोडक्याच खेळ्यांत त्यांचा वजीर पडला.

आप्पा उठले, त्यांनी माझा हात हातात घेतला. “काय खेळलास रे!” म्हणाले. “तो घोडा... कसा सुचला तुला?”

इथे खरं बोलायला एक सेकंद होता. तो मी घालवला. म्हणालो, “सुचला आपला.”

आप्पांनी सोंगट्या भरल्या आणि जाताना जिन्यात भेटेल त्याला सांगत गेले. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने माझ्याकडे आदराने पाहिलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी स्वतःशी वकिली सुरू केली (ती मॉर्फीपेक्षा बरी चालली). म्हटलं, यात चोरी कसली? आमची ही पुरणपोळी करते ती तिच्या आईची. आईला तिच्या सासूची. पोळी छान झाली म्हटल्यावर ही काय चार पिढ्यांची वंशावळ वाचून दाखवते? सात आठे छपन्न मी शोधून काढलेलं नाही, पण भाजीवाल्याचा हिशेब चुकला तर तो मीच पकडलेला असतो. बोलतो ती भाषा उसनी, हसतो ते विनोद उसने. श्रावणातल्या कहाण्यांपासून सुतारकामापर्यंत जगातलं सगळं शिक्षण ‘आधी कुणी केलं तसं कर’ इथूनच सुरू होतं. कापाब्लांका, जो १९२१ साली जगज्जेता झाला, तो चार वर्षांचा असताना वडिलांचा खेळ नुसता बघून शिकला; वडिलांनी घोडा चुकीचा चालवला तो त्याने पकडला, असं त्यानेच सांगून ठेवलंय. म्हणजे बघणं, उचलणं, लक्षात ठेवणं यात पाप असेल तर सगळं बालपणच पोलिसांत द्यावं लागेल.

वकिली बिनतोड होती. तरी झोप येईना. पहाटे साडेतीनला मुद्दा सापडला. आप्पांनी कौतुक खेळीचं केलं नव्हतं, सुचण्याचं केलं होतं. आणि सुचण्याचा मी अभिनय केला होता. ती चार मिनिटं! घोडा मी मॉर्फीचा घेतला याबद्दल मॉर्फीची काही तक्रार नसणार; छापून ठेवलाय तो घेण्यासाठीच. पण कपाळावरची आठी माझी होती आणि ती खोटी होती. चोरी पटावर झालीच नव्हती, ती भुवयांच्या मधे झाली होती.

मुद्दा सापडला म्हणून सुधारणा झाली असं मात्र नाही. उलट मी चटावलो. पुढचे दीड महिने मी अभ्यास वाढवला. जाणते सांगतात त्याप्रमाणे एका लग्नपत्रिकेने पुढची खेळी झाकायची, स्वतः विचार करून ठरवायची आणि मग पत्रिका खाली सरकवायची. दहातल्या आठ वेळा मी चुकत असे. उरलेल्या दोन वेळा दुसरी खेळी शक्यच नसे. पण हळूहळू एक गोष्ट डोक्यात शिरली : थोर लोक बहुतेक वेळ थोर असं काही करतच नाहीत. सोंगट्या घरातून बाहेर काढतात, राजाची सोय लावतात, आणि वाट बघतात. बलिदानं-बिलिदानं एखादंच. आम्ही आपले कीर्तनात नेमका आख्यानाचा शेवट तेवढा लक्षात ठेवणारे.

पुस्तकातली उद्गारचिन्हंही मला खटकू लागली. जिंकलेल्याच्या खेळीपुढे ‘!’ आणि हरलेल्याच्या खेळीपुढे ‘?’. निकाल कळल्यावर चिन्हं वाटणं सोपं आहे हो! माझ्या मेव्हण्याने १९८६ साली बोरिवलीच्या पुढे जागा घेतली तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी एकमुखाने प्रश्नचिन्ह दिलं होतं. आज तेच नातेवाईक दोन-दोन उद्गारचिन्हं देतात. जागा तीच, मेव्हणाही तोच, आणि त्याला तेव्हाही यातलं काही कळत नव्हतं. आपण खेळी करतो तेव्हा पुढचं पान झाकलेलं असतं आणि पत्रिका सरकवणारं कुणी नसतं.

ते असो. सांगायचं ते असं की मी सुधारलो. फार नाही, पण आप्पांना पुरेल इतका. सप्टेंबरच्या पानावर ‘मी’, ‘मी’, ‘मी’ अशी रांग लागली. लांबून पाहिलं तर कॅलेंडर शेळीच्या आजारी पिल्लासारखं ओरडतंय असं वाटायचं. आप्पा मुकाट्याने सोंगट्या भरत. मग एक दिवस ते सव्वापाचऐवजी साडेपाचला आले. मग पावणेसहाला. मग त्यांचा निरोप आला, गुडघा दुखतोय, जिना उतरवत नाही.

मध्ये फक्त चौदा पायऱ्या आहेत. आणि सकाळी तेच आप्पा चार मजले उतरून दूध आणताना हिला दिसले होते.

ही चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, “शिकलात ना बुद्धिबळ? आता कुणाशी खेळणार?”

मी थोर खेळाडूंचे डाव पुन्हा काढले. यावेळी हरलेल्या बाजूने बसलो. सगळी पुस्तकं जिंकणाऱ्याच्या खुर्चीवरून लिहिलेली असतात. पट उलटा फिरवला की दुसराच डाव दिसतो. १८५१ साली लंडनमध्ये आंदेर्सनने एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन जो डाव जिंकला तो ‘अमर डाव’ म्हणून प्रसिद्ध आहे. कुणाविरुद्ध? किझेरित्स्की. पॅरिसमध्ये बुद्धिबळ शिकवून आणि खेळून पोट भरणारा माणूस. तो तेव्हा ‘ला रेजांस’ नावाचं बुद्धिबळाचं मासिक चालवीत होता. त्या गृहस्थाने काय करावं? स्वतः इतका चारी मुंड्या चीत झालेला डाव त्याने स्वतःच्या मासिकात छापला! १८५३ साली तो मेला. डावाला ‘अमर’ हे नाव मिळालं १८५५ साली. म्हणजे आपण अमर झालो आहोत हेही त्याला कळलं नाही, आणि झाला तोही हरण्यापुरता.

१९५६ साली न्यूयॉर्कला तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध वजीर सोडून दिला. जाणती माणसं मात होण्याची वाट बघत नाहीत, आधीच राजीनामा देतात. बर्नने दिला नाही. एक्केचाळिसाव्या खेळीपर्यंत तो बसून राहिला आणि पोराला मात पुरी करू दिली. १९७२ साली रेक्याविकला सहाव्या डावात हाच फिशर असा काही खेळला की प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले, आणि त्यांच्याबरोबर समोर बसलेला स्पास्कीसुद्धा. जगज्जेतेपद हातातून चाललेलं असताना!

हे वाचून मला वाटलं, आपणही मोठं मन दाखवू. आप्पांना जिंकू देऊ. वरच्या मजल्यावर मी स्वतः पट घेऊन गेलो. आप्पा पलंगावर बसले होते, गुडघ्यावर लोकरीची पट्टी, समोर माईंचा फोटो. डाव मांडला. सोळाव्या खेळीला मी कपाळाला हात लावला, भुवया जुळवल्या, चांगली तीन मिनिटं विचार केला आणि वजीर सरळ त्यांच्या उंटाच्या तोंडी नेऊन ठेवला.

आप्पांनी उंटाला हात लावला नाही. चष्मा काढून पुसला.

“पोस्टात मी अडतीस वर्षं शिक्के मारलेत,” ते म्हणाले. “खरा कुठला आणि खोटा कुठला ते मला न बघता कळतं. उचल तो वजीर.”

“आप्पा, मला खरंच दिसलं नाही हो...”

“मी हरतो म्हणून आलो नाही असं वाटतं का तुला? लेका, हरण्याचं काय आहे? अर्धे डाव मी हरतच होतो. पण पूर्वी माझ्यासमोर तू बसलेला असायचास. हल्ली तू कुठे बघतोस तेच मला कळत नाही.”

मी वजीर उचलला. हातात धरून बसलो. बर्नने केलं ते आणि मी केलं ते यातला फरक तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेडला. बर्न खराखुरा हरला होता. त्याने फक्त शेवटपर्यंत सोबत दिली. मी मात्र पुन्हा तीच आठी विकत होतो. ऑगस्टमध्ये जिंकायला विकली, आता हरायला.

मग मी सांगितलं. सगळं. फुटपाथवरचं पुस्तक, मॉर्फी, ऑपेरा, ती चार मिनिटं.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कोण होता म्हणालास तो? मी खेळलो तसा खेळणारा?”

“ब्रन्सविकचा ड्यूक.”

“ड्यूक! आणि एकटाच?”

“नाही, जोडीला एक काउंट होता.”

“म्हणजे ते दोघं मिळून जे खेळले ते मी एकटा खेळलो?” आप्पांनी गुडघ्यावरची पट्टी सोडायला घेतली. “आणि शेवटी राजा सरकवला तो माझा मी. ते त्यांनाही सुचलं नव्हतं.”

“तुमची खेळी जास्त वाईट होती, आप्पा.”

“असू दे. माझी होती ना?”

मग ते जिना उतरून आमच्याकडे आले. पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेले, ऑगस्टचं पान उलटून काढलं आणि त्या मंगळवारच्या चौकोनातला ‘मी’ खोडून तिथे ‘मॉ’ असं लिहिलं. हिला वाटलं मॉप घ्यायचा राहिलाय.

चहा झाल्यावर मी त्यांना सुलतान खानाची हकीकत सांगितली. पंजाबचा माणूस. एका जमीनदार सरदाराच्या, सर उमर हयात खानांच्या पदरी. लहानपणापासून आपलं देशी बुद्धिबळ खेळलेला, जिथे प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं. विलायती नियम शिकून तीन-चार वर्षं होतात न होतात तोच, १९२९ साली, हा ब्रिटिश विजेतेपद घेऊन मोकळा! पुन्हा १९३२ आणि १९३३ साली. हॅस्टिंग्जला १९३०-३१च्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकालाही हरवलं. पुस्तकी सुरुवाती समोरच्यांना पाठ, हा आपल्या बुद्धीने खेळणारा. १९६६ साली गेला, आणि जागतिक संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ साली.

“बघ,” आप्पा म्हणाले, “पुस्तकाशिवाय.”

“पण त्याला मॉर्फी मिळाला असता तर?” मी म्हटलं. “शिवाय उलटही आहे. १९१८ साली न्यूयॉर्कला मार्शल एक नवा हल्ला घरून तयार करून आला होता. कापाब्लांकाने तो कधी पाहिलेला नव्हता. त्याने समोर ठेवलेलं प्यादं घेतलं, पटावर बसल्या बसल्या एकेक उत्तर शोधलं आणि छत्तीस खेळ्यांत जिंकला.”

“मग माझंच खरं.”

“पण त्या हल्ल्याला आजही मार्शलचंच नाव आहे. अजून मोठमोठे खेळाडू पाठ करून तो खेळतात.”

आप्पांनी यावर विचार केला. खरा विचार केला. मला आता फरक कळतो. मग म्हणाले, “ड्यूकचं चुकलं कुठे?”

“भाष्यकार म्हणतात तिसऱ्याच खेळीला. तो उंट काढायचाच नव्हता.”

“माझा उंट?”

“हो.”

“बावीस वर्षं मी तो काढतोय आणि तू एका शब्दाने बोलला नाहीस?”

“मला तरी कुठे ठाऊक होतं!”

पट मांडला. पांढरी माझ्याकडे. राजासमोरचं प्यादं, घोडा, मग वजिरासमोरचं प्यादं. आप्पांचा हात सवयीने उंटाकडे गेला. तिथे थांबला. पुस्तक टेबलाच्या कडेला पडलं होतं आणि त्यात यापुढे काय करायचं होतं हे मला नीट माहीत नव्हतं. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मधलं माझं प्यादं उचलून त्यांनी खाल्लं आणि आपलं तिथे ठेवलं.

“आता तुझा मॉर्फी काय करतो?”

घोड्याने मारावं की वजिराने, यावर मी चांगली सात मिनिटं घालवली. सगळी खरी. मधे एकदा हिने येऊन विचारलं, यांना बरं नाहीये का?

एकोणतिसाव्या खेळीला मला मात झाली. आप्पांनी कॅलेंडरवर ‘आ’ लिहिला, आणि तो कामवालीच्या खाड्याशेजारी येणार नाही अशा बेताने, जरा मोठा. सोंगट्या मी भरल्या. झाकण सर्वांत शेवटी.

“उद्या सव्वापाचला,” आप्पा दारातून म्हणाले. “आणि तो अमर डाव काढून ठेव. मी किझेरित्स्कीकडून बसतो.”